हाती मोजक्या चिप्स उरल्या असता

मागील अंकात पोकरमधील शक्यतांच्या गणितावर काही उत्तरे दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत एकच काळजी पुनःपुन्हा दिसते: स्पर्धेच्या मध्यावर किंवा शेवटाकडे चिप्स संपत आल्या म्हणजे करावे काय? म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सर्व उदाहरणांत टेक्सास होल्डेमचा खेळ (प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि मध्ये सर्वांची सामाईक पाच), नऊ जणांचे टेबल, १,००० चा स्मॉल ब्लाइंड, २,००० चा बिग ब्लाइंड आणि बिग ब्लाइंडवाल्यानेच साऱ्या टेबलाच्या वतीने भरायचा २,००० चा अँटी असे धरले आहे. ब्लाइंड आणि अँटी म्हणजे डाव सुरू होण्यापूर्वी सक्तीने भरायच्या चिप्स, पॉट म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, स्टॅक म्हणजे आपल्या हातच्या चिप्स. बोली वाढवणे म्हणजे रेझ, तिच्याशी बरोबरी करणे म्हणजे कॉल आणि सर्व चिप्स एकदम लावणे म्हणजे ऑल-इन. म्हणजे कोणी काही बोलण्यापूर्वीच पॉटमध्ये ५,००० चिप्स पडलेल्या असतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा बहुतेक हिशेब त्याच्याभोवतीच फिरतो.

प्रश्न: मी सावंतवाडीचा. अधूनमधून पणजीला येऊन मांडवीतल्या कॅसिनोत स्पर्धा खेळतो. माझ्याकडे दहा बिग ब्लाइंड उरले की मी धीर धरतो आणि मोठी जोडी, एक्का-राजा किंवा एक्का-राणी येईपर्यंत पत्ते टाकत राहतो. परंतु बहुतेक वेळा चांगली पाने येईपर्यंत स्टॅक इतका झिजलेला असतो, की मी ऑल-इन केल्यावर दोघे-दोघे हसत कॉल करतात. माझा धीर कमी पडतो की नशीब?

उत्तर: आपली पानांची पारख ठीक आहे, वेळ चुकते. आपण ज्या पानांची वाट पाहता त्यांचा आधी हिशेब करू. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांपासून दश्श्यांपर्यंतच्या पाच जोड्या प्रत्येकी ६ प्रकारे येतात, म्हणजे ३०. एक्का-राजा आणि एक्का-राणी प्रत्येकी १६ प्रकारे, म्हणजे ३२. बेरीज झाली ६२, आणि तिचे प्रमाण ४.७ टक्के. साधारण एकवीस डावांत एकदा ही पाने हाती येतील. नऊ डावांची एक फेरी आपण पूर्ण बसून काढली, तर त्या फेरीत अशी पाने एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के आहे, आणि दोन फेऱ्या बसून काढल्या तरी ४२ टक्के वेळा आपण रिकाम्या हातानेच राहाल. या बसण्याची किंमत दर फेरीला ५,००० चिप्स आहे. दहा बिग ब्लाइंड म्हणजे २०,००० चिप्स. त्यातला चौथा हिस्सा एका फेरीत जातो, निम्मा दोन फेऱ्यांत, आणि तोवर ब्लाइंड वाढले नाहीत तर आपले नशीब खरेच चांगले म्हणावे लागेल.

तथापि चिप्स कमी होणे हे या झिजेतले लहान नुकसान आहे. मोठे नुकसान असे, की आपल्या ऑल-इनची जरब उतरत जाते. समजा आपण २०,००० ने ऑल-इन केले आणि बिग ब्लाइंड सोडून बाकी सर्वांनी पत्ते टाकले. बिग ब्लाइंडवाल्याचे २,००० आधीच पॉटमध्ये आहेत. त्याला आणखी १८,००० घालून एकूण ४३,००० च्या पॉटसाठी भांडायचे आहे, म्हणजे कॉल परवडण्यासाठी त्याला सुमारे ४२ टक्के जिंकावे लागेल. हाच स्टॅक १५,००० असेल तर ही मर्यादा ३९ टक्क्यांवर येते, १०,००० असेल तर ३५ वर आणि ६,००० असेल तर २७ वर. सत्ती-दुर्री हे होल्डेममधले सर्वांत टाकाऊ हात मानले जातात, आणि त्यांनासुद्धा एक्का-राजापुढे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास संधी असते. तेव्हा तीन बिग ब्लाइंडच्या ऑल-इनला कॉल करणारे जे हसतात, त्यांचा हिशेब बरोबरच असतो.

आता उलट बाजू पाहू. आपण बटनावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर आहात, आपल्यापर्यंत सर्वांनी पत्ते टाकले आहेत, हातात मध्यम प्रतीची पाने आहेत आणि स्टॅक २०,००० आहे. मागे दोन ब्लाइंडवालेच उरतात. कॉल झाला तर ही पाने ३८ टक्के वेळा जिंकतील असे धरू. बिग ब्लाइंडने कॉल केल्यावर ४३,००० च्या ३८ टक्के म्हणजे सरासरी १६,३४० चिप्स आपल्या वाट्याला येतात. २०,००० घातले असल्याने तोटा ३,६६० चा. दोघांनीही पत्ते टाकले तर नफा ५,००० चा. या दोन आकड्यांवरून निघते ते असे, की १०० पैकी ४२ ते ४३ वेळा दोघेही एकदमच पत्ते टाकत असतील तरी आपले नुकसान होत नाही. प्रत्यक्षात दोघांपैकी प्रत्येक जण पाचांत एकदा कॉल करणारा असेल, तर दोघांनीही पत्ते टाकण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के होते, आणि एका ऑल-इनमागे सरासरी सुमारे १,९०० चिप्स आपल्या पदरात पडतात. जवळजवळ एक संपूर्ण बिग ब्लाइंड, तोही अशा पानांवर जी आपण आजवर न बघितल्यासारखी टाकत आलात.

हाच प्रयोग पहिल्या जागेवरून, म्हणजे बिग ब्लाइंडनंतर सर्वांत आधी बोलायच्या जागेवरून, करू नये. तेथे मागे आठ जण बसलेले असतात. प्रत्येक जण केवळ दहांत एकदा कॉल करील असे धरले तरी आठही जणांनी पत्ते टाकण्याची शक्यता ४३ टक्क्यांवर येते, आणि जो कॉल करील त्याची पाने बटनासमोर कॉल करणाऱ्यापेक्षा बरीच सरस असतील, त्यामुळे ते ३८ टक्केही हाती राहत नाहीत. पहिल्या जागेवर आपली जुनी निवड बऱ्याच अंशी योग्य आहे. बटनावर आणि स्मॉल ब्लाइंडमध्ये ती फार कंजूष आहे.

आणखी एक सवय सोडावी. दहा बिग ब्लाइंड असताना अनेक जण ४,५०० चा रेझ करतात, मागून कोणी ऑल-इन केले की विचारात पडतात आणि शेवटी पत्ते टाकतात. त्या क्षणी कॉल करायला १५,५०० लागतात आणि पॉट ४३,००० चा होतो, म्हणजे ३६ टक्के जिंकण्याची आशा असली तरी कॉल करणेच भाग आहे. रेझ करण्याजोग्या बहुतेक पानांना एवढी आशा असतेच. मग जे शेवटी घालायचेच आहे ते आधी घालावे, म्हणजे समोरच्याला निदान पत्ते टाकण्याची संधी तरी मिळते. पंधरा बिग ब्लाइंडच्या आसपास असताना निष्णात खेळाडू लहान रेझ करतात हे खरे. मात्र पुढच्या ऑल-इनला कोणत्या पानांनी कॉल करायचा आणि कोणती टाकायची हे त्यांनी रेझ करण्यापूर्वीच ठरवलेले असते.

प्रश्न: आमच्या म्हापशाच्या घरी चतुर्थीच्या रात्री १०१ ची पूल रमी रंगते. वाईट पाने आली की पहिल्याच फेरीत ड्रॉप घेऊन २० गुण सोसावेत, असे मला वडिलांनी शिकवले. पोकरमध्ये पत्ते टाकणे म्हणजे तसाच ड्रॉप नव्हे काय? मग शॉर्ट स्टॅक, म्हणजे मोजक्या चिप्स, असताना संयम चुकीचा कसा?

उत्तर: आपण दिलेले उदाहरण इतके नेमके आहे, की उत्तर त्यातच सापडते. १०१ च्या रमीत आपले गुण ३० असताना ड्रॉप घेणे शहाणपणाचे असते. पण गुण ८१ झाले की ड्रॉपचे २० मिळवून १०१ होतात आणि आपण बाद होता. म्हणून ८१ च्या पुढे कसलीही पाने आली तरी डाव खेळावाच लागतो, आणि अनुभवी खेळाडू ही वेळ येण्याआधीच, साठ-पासष्टवर असताना, जरा बऱ्या पानांवर डाव खेळायला घेतो. पोकरमधला दहा बिग ब्लाइंडचा स्टॅक त्या साठ-पासष्टच्या जागी आहे. वडिलांची शिकवण खरीच आहे. ती कोणत्या गुणसंख्येपर्यंत लागू आहे, तेवढे पाहायचे. फरक एकच, आणि तो पोकरच्या बाजूचा आहे: रमीत पाने वाईट असूनही डाव खेळलात तर समोरचा घाबरून पळत नाही, पोकरमध्ये पळू शकतो.

प्रश्न: कोणी स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये मोजतात, कोणी ‘एम’ सांगतात. वास्कोतल्या आमच्या मित्रमंडळात यावरून वाद झाला. खरे माप कोणते?

उत्तर: दोन्ही खरी, पण अँटीच्या काळात ‘एम’ अधिक बोलके आहे. गणितज्ञ आणि बॅकगॅमनचे नामांकित खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावाच्या आद्याक्षरावरून हे माप ओळखले जाते आणि पोकरच्या १९९५ च्या जागतिक मालिकेतील मुख्य स्पर्धेचे विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी ते सर्वदूर पोहोचवले. एकूण स्टॅकला एका फेरीच्या खर्चाने भागायचे, एवढेच. आपल्या उदाहरणात २०,००० भागिले ५,००० म्हणजे एम ४. अँटी नसता तर फेरीचा खर्च ३,००० झाला असता आणि त्याच दहा बिग ब्लाइंडचा एम साडेसहाच्या वर गेला असता. दोन्ही ठिकाणी ‘दहा बिग ब्लाइंड’ म्हणणारा मित्र या दोन फार वेगळ्या परिस्थितींना एकच नाव देतो.

टेबलावरची माणसे कमी झाली की मात्र दोन्ही मापे फसवतात. नऊ जण असताना एम ४ म्हणजे आपल्याला छत्तीस डाव बसून काढता येतील. पाच जण उरले असताना तोच एम म्हणजे वीस डाव. शेवटच्या टेबलाकडे सरकताना खेळाडू बाद होऊन टेबल रिकामे होत जाते आणि नवी माणसे हलवून आणायला वेळ लागतो. त्या वेळी हातातल्या चिप्सकडे पाहण्याऐवजी पुढचा बिग ब्लाइंड किती डावांवर आहे ते मोजावे.

प्रश्न: मी पर्वरीची असून कॅसिनोत डीलर आहे. शॉर्ट स्टॅकने केलेल्या ऑल-इननंतर मूळ रेझ करणारा पुन्हा रेझ करू पाहतो आणि मी अडवले की वाद घालतो. नियम वाचकांसाठी स्पष्ट कराल काय?

उत्तर: आपण अडवता ते बरोबर आहे. समजा एकाने ५,००० चा रेझ केला. २,००० वरून ५,००० म्हणजे वाढ ३,००० ची. त्यावर शॉर्ट स्टॅकने एकूण ६,५०० ने ऑल-इन केले. ही वाढ १,५०० चीच, म्हणजे पूर्ण रेझपेक्षा कमी. म्हणून मूळ रेझ करणाऱ्याकडे डाव परत आल्यावर त्याला उरलेले १,५०० भरता येतात किंवा पत्ते टाकता येतात, पुन्हा रेझ करता येत नाही. ज्याची पाळी अजून आलेलीच नाही त्याला मात्र रेझ करण्याचा हक्क आहे, आणि त्याने पूर्ण रेझ केला तर मूळ खेळाडूचा हक्कही पुन्हा जागा होतो.

शॉर्ट स्टॅकवाल्यांनी या नियमातून आपल्यापुरता अर्थ काढावा. अशा अपुऱ्या वाढीनंतर रेझ करणाऱ्याला इतरांना हुसकावून लावता येत नाही, मागचे लोक स्वस्तात आत येतात आणि आपल्याला एकाऐवजी तिघांशी लढावे लागते. पॉट फुगतो, जिंकण्याची शक्यता घसरते. आणि जाता जाता: ऑल-इन करायचे तर ते तोंडाने म्हणावे. न बोलता एकच मोठी चिप पुढे सरकवली तर ती कॉल समजली जाते, आणि मग डीलरताईंना दोष देऊन उपयोग नाही.

प्रश्न: कुडाळहून लिहितो. आठ-नऊ बिग ब्लाइंड असताना एक्का-दुर्री बरी की एकाच रंगाची दश्शी-नव्वी? माझा भाऊ म्हणतो एक्का तो एक्का.

उत्तर: पहिल्यांदा ऑल-इन करणारे आपण असाल आणि मागे दोघे-तिघेच असतील, तर दोन्ही पाने चालतात, पण निरनिराळ्या कारणांनी. आपल्या हातात एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे ६ प्रकार ३ वर येतात आणि एक्का-राजाचे १६ प्रकार १२ वर. म्हणजे कॉल करण्याजोगी पानेच कमी उरतात. कॉल झालाच तर मात्र एक्का-दुर्रीची दैना होते. समोर एक्का-राजा आला की तिला साधारण चौथ्या हिश्शाचीच आशा, आणि अठ्ठ्यांची जोडी आली तरी तिसऱ्या हिश्शाहून कमी. दश्शी-नव्वी कॉल टाळू शकत नाही, पण झाल्यावर झुंजते: एक्का-राजापुढे तिला सुमारे ४० टक्के, आणि अठ्ठ्यांच्या जोडीपुढे जवळपास निम्मी संधी असते.

भावाचे म्हणणे जेथे खरोखर घात करते ती जागा वेगळी आहे. दुसऱ्याने आधी ऑल-इन केले आहे आणि आपण एक्का-दुर्री घेऊन कॉल करायला निघालो, अशा वेळी एक्क्याचा धाक कोणालाच नसतो; समोरच्याने पत्ते टाकण्याचा प्रश्नच मिटलेला असतो आणि उरते ती केवळ पानांची तुलना, जिच्यात दुर्री काहीच भर घालत नाही. ज्या पानांनी ऑल-इन करावे त्यांपैकी कितीतरी पानांनी कॉल करू नये. स्पर्धेत चांगले खेळणारे पण शॉर्ट स्टॅकवर अडखळणारे जे खेळाडू पाहिले, ते बहुतेक याच ठिकाणी अडखळतात: ऑल-इन करायला भितात आणि कॉल करायला धावतात. नेमके उलटे हवे.

प्रश्न: मडगावच्या आम्हा तरुणांना कॅसिनोच्या खेळाच्या दालनात जाता येत नाही. मग या निर्णयांचा सराव करावा कुठे?

उत्तर: १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील स्थानिकांना तेथे खेळायला मनाई आहे, आणि ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. पैशाशिवाय सराव करायला मात्र एक पत्त्यांचा कॅट आणि वही पुरेशी आहे. स्वतःला दोन पाने वाटा, चिठ्ठी काढून जागा ठरवा, दुसरी चिठ्ठी काढून ४ ते १५ बिग ब्लाइंडपैकी एक स्टॅक घ्या आणि दहा सेकंदांत ‘ऑल-इन’ किंवा ‘फोल्ड’ (पत्ते टाकणे) असे लिहून टाका. घाईत पाने लिहायला विसरू नका; पाने, जागा आणि स्टॅक तिन्ही लिहा, म्हणजे नंतर कोणत्या पानांनी ऑल-इन करावे हे सांगणाऱ्या प्रसिद्ध तक्त्यांशी ताडून पाहता येते. हे तक्ते दोन्ही बाजू चूक न करता खेळतात असे गृहीत धरून संगणकाने काढलेले असतात. ते पाठ करण्यापेक्षा आपल्या चुका एकाच दिशेने होतात का ते पाहणे जास्त उपयोगाचे.

प्रश्न: मी फोंड्यात मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि पोकरच्या समस्या कागदावर सोडवतो. चार खेळाडू उरले आहेत, बक्षिसे तिघांनाच आहेत, चौघांचेही स्टॅक समान आहेत. एकाने ऑल-इन केले, माझ्याकडे एक्का-राजा. ५० टक्क्यांहून जास्त जिंकण्याची खात्री असेल तर कॉल योग्यच ठरावा, असे मला वाटते. मित्र नाही म्हणतो.

उत्तर: मित्र बरोबर आहे, आणि किती बरोबर आहे ते पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल. बक्षिसे ५०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये धरू. चौघांचे स्टॅक समान असल्याने प्रत्येकाच्या जागेची आजची किंमत २५,००० रुपये. आता आपण कॉल करून जिंकलात तर आपल्याकडे एकूण चिप्सपैकी निम्म्या येतात आणि बाकी दोघांकडे पाव-पाव. पहिला क्रमांक येण्याची आपली शक्यता ५० टक्के. दुसरा येण्यासाठी आधी बाकी दोघांपैकी एकाने पहिला यायला हवे, ज्याची शक्यता उरलेली ५० टक्के, आणि मग राहिलेल्या चिप्समध्ये आपला वाटा दोन तृतीयांश, म्हणजे ३३.३ टक्के. तिसरा क्रमांक १६.७ टक्के. तिन्ही गुणाकारांची बेरीज २५,००० अधिक १०,००० अधिक ३,३३३, म्हणजे ३८,३३३ रुपये.

चिप्स दुप्पट झाल्या, किंमत दुप्पट झाली नाही. हरलो तर २५,००० जातात आणि जिंकलो तर १३,३३३ वाढतात. २५,००० ला ३८,३३३ ने भागले की लागणारी शक्यता निघते: ६५ टक्क्यांहून किंचित जास्त (ब्लाइंडमुळे पॉटमध्ये असलेल्या चिप्स या हिशेबात सोडल्या आहेत, त्या धरल्या तर आकडा थोडा खाली येईल). समोरचा डोळे मिटून कोणत्याही दोन पानांवर ऑल-इन करत असला तरी वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा त्याच्यापुढे ६५ टक्क्यांच्या आसपासच जिंकतात. तो थोडा जरी निवडून खेळत असेल तर आपला कॉल तोट्याचा.

मग हे हरवलेले पैसे जातात कुठे? पत्ते टाकून शांत बसलेल्या दोघांकडे. आपल्या झुंजीत एक जण बाद झाला की त्यांच्या प्रत्येकाच्या जागेची किंमत काही न करता २५,००० वरून ३०,८३३ होते. बुद्धिबळात दोघांच्या लढाईचा फायदा तिसऱ्याला होत नाही, म्हणून बुद्धिबळपटूंना ही गोष्ट पचायला जड जाते असे मला दिसते. चिप्सची किंमत बक्षिसांच्या रुपयांत काढण्याची ही पद्धत ‘आयसीएम’ (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणून ओळखली जाते. डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये अनेक स्पर्धकांच्या शर्यतीत क्रमांकांच्या शक्यता काढण्यासाठी मांडलेले सूत्र तिच्या मुळाशी आहे आणि मेसन मालमुथ यांनी ते पोकरच्या बक्षिसांना लावले.

मात्र यातून ‘बक्षिसाच्या उंबरठ्यावर काहीच करू नये’ असा अर्थ काढला तर तो पार उलटा होईल. ६५ टक्क्यांची अट कॉल करणाऱ्याला आहे. म्हणजेच ऑल-इन करणाऱ्याच्या विरोधात समोरच्याला फार थोड्या पानांनी कॉल करता येतो, आणि आपल्या समस्येतला ऑल-इन करणारा या हिशेबाचा लाभ घेत आहे. पुढच्या वेळी सर्वांनी आपल्यापर्यंत पत्ते टाकले तर तो लाभ आपण घ्या. अपवाद दोन. टेबलावर एखाद्याकडे एकच बिग ब्लाइंड उरला असेल तर तो बाद होईपर्यंत थांबण्याचा फायदा वाढतो. आणि सॅटेलाइट स्पर्धेत, जिथे दहा जणांना मोठ्या स्पर्धेची सारखीच तिकिटे मिळणार असतात आणि अकरा जण उरलेले असतात, तिथे मध्यम स्टॅक असताना मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनपुढे एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी लागते. ती कोणत्याही दोन पानांपुढे ८५ टक्के जिंकते हे खरे, पण जागा जवळजवळ नक्की झालेली असताना १५ टक्के धोका विकत का घ्यावा? पहिल्या क्रमांकाला तेथे जास्त काही मिळतच नाही.

साध्या स्पर्धेत मोठी रक्कम वरच्या दोन-तीन क्रमांकांत असते. म्हणून सर्वांत खालच्या बक्षिसात कसेबसे शिरण्यासाठी सहा बिग ब्लाइंडचे दोन करून घेणारा खेळाडू स्वतःला सावध समजतो, तो हिशेब मला पटत नाही. तो थोडे वाचवण्यासाठी पुष्कळ सोडतो.

प्रश्न: डिचोलीहून. जॅक स्ट्रॉस यांनी एका चिपवरून जागतिक स्पर्धा जिंकली असे वाचले. मग दोन बिग ब्लाइंड उरले तरी आशा सोडू नये, हेच खरे ना? तेव्हा खेळावे कसे?

उत्तर: १९८२ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत स्ट्रॉस एका चिपवर आल्यानंतर विजेते झाले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. माझ्या मते तिने फायद्यापेक्षा तोटा जास्त केला आहे, कारण ती ऐकून लोक एका चिपपर्यंत पोहोचण्याला हरकत नाही असे समजू लागतात, आणि जे एका चिपवर येऊन बाद झाले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. आशा सोडू नये हे मान्य. पण आता तेवढ्यावर वेळ आलीच आहे तर उरलेल्या ४,००० चिप्स कोणत्या डावात घालायच्या, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

समजा आपण पहिल्या जागेवर आहात, म्हणजे पुढच्याच डावात बिग ब्लाइंड आपला. बरीचशी माणसे म्हणतात, “पुढच्या डावात तसेही जाणारच आहेत, ही पाने टाकतो.” हिशेब करा. पुढच्या डावात २,००० अँटीत जातात आणि फक्त २,००० बिग ब्लाइंड म्हणून उरतात. एकाने आपल्याशी बरोबरी केली, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले आणि आपण जिंकलात, तर मिळणारा पॉट असा: आपले २,०००, त्याचे २,०००, अँटीचे २,००० आणि स्मॉल ब्लाइंडचे १,०००, एकूण ७,०००. त्याऐवजी याच डावात, पहिल्या जागेवरून ४,००० ने ऑल-इन केले आणि फक्त बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला, तर आपले ४,०००, त्याचे ४,०००, त्याने भरलेला अँटी २,००० आणि स्मॉल ब्लाइंडचे १,०००, एकूण ११,०००. तेवढ्याच चिप्स, तेवढाच एक प्रतिस्पर्धी, आणि जिंकल्यावर हाती येणारा फरक ४,००० चा, म्हणजे आपल्या संपूर्ण स्टॅकएवढा. ११,००० साठी ४,००० घालताना ३६ टक्के आशा पुरते. एखादे चित्र, एखादा एक्का, कोणतीही जोडी, शेजारची एकाच रंगाची दोन पाने यांपैकी काहीही असले तर पुढच्या डावाची वाट पाहू नये. हातात नव्वी-तिर्रीसारखे काही असेल तरच पत्ते टाकून बिग ब्लाइंडमध्ये येईल ते घ्यावे.